पिल्लाचे पोट बिघडले तर

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की २१ दिवस वाट पाहायची. मग डालग्याखालून चिवचिव ऐकू येते. पोरेसोरे गोळा होतात. दहा-बारा पिल्ले निघाली तर घरधनीण मनात हिशेब करते. एवढ्या तलंगा होतील, एवढी अंडी मिळतील, मीठमिरचीचा खर्च भागेल.

पण चार-पाच दिवसांत एखादे पिल्लू मान टाकून उभे राहते. पंख सोडते. डोळे मिटते. दाणा टिपत नाही. आपण म्हणतो, "हे काही जगायचे नाही." असे म्हणून त्याला सोडून देऊ नये. आधी ते हातात घ्यावे आणि त्याच्या शेपटीखाली पाहावे.

तेथे काय दिसते? पुष्कळदा पातळ शीट पिसांना चिकटून वाळलेली असते. तिचा खडा होतो. शिटण्याच्या वाटेला जणू बूच बसते. आतली घाण आतच राहते. पोट फुगते. असे पिल्लू एक-दोन दिवसांत मरूही शकते. वेळीच बूच काढले तर बरेचदा वाचते.

बूच कसे काढावे?

१. वाटीत कोमट पाणी घ्या. आपल्या कोपराला सोसेल इतकेच ऊन असावे.

२. मऊ फडके भिजवून त्या जागेवर धरा. खडा विरघळेपर्यंत पुन्हा पुन्हा भिजवा. सगळे पिल्लू पाण्यात बुडवू नका.

३. खडा मऊ झाला की हलक्या हाताने पुसून काढा.

४. पिल्लू कोरडे करा. त्या जागी बोटाने खोबरेल तेल लावा.

५. पिल्लू उबेत ठेवा. ओले पिल्लू गारठून मरते.

६. आपले हात साबणाने धुवा.

समजा, घाईत सून म्हणाली, "आत्याबाई, नखाने ओढून काढते. एका झटक्यात निघेल."

शहाणी सासू काय सांगेल? "नको गं पोरी. कातडी कोवळी असते. खड्याबरोबर तीही सोलून येईल. मग रक्त दिसले की बाकीची पिल्ले तिथेच टोचतात. थोडा दम धर. पाणीच ते काम करील."

आणखी एक गोष्ट. पिल्लाची बेंबी पोटावर असते. तेथे बारीक वाळका धागा दिसतो. तो घाण समजून ओढू नका. तो आपोआप गळतो. आपले काम फक्त शेपटीखाली.

पोट बिघडते कशाने?

मुख्य कारण ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. म्हणजे आपल्या अंगाच्या उबेच्या जवळपास. कोंबडी पंखाखाली घेते तेव्हा काळजी नसते. विकतची पिल्ले खोक्यात दिव्याखाली ठेवली तर लक्ष द्यावे लागते. पिल्ले एकमेकांवर चढून गर्दी करतात, म्हणजे त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून लांब पळून चोच उघडी ठेवतात, म्हणजे उकडते. सगळीकडे पसरून दाणे टिपतात, म्हणजे ऊब बेताची आहे. थंडीने पोट बिघडते तसे फार उष्णतेनेही बिघडते.

दुसरे कारण पाणी. पाण्यात शीट पडली की तेच पिल्लांच्या पोटात जाते. पाणी उथळ बशीत ठेवा. बशीत स्वच्छ खडे टाका, म्हणजे पिल्ले बुडणार नाहीत. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला.

तिसरे कारण खाणे. पिल्लू अंड्यातून निघताना थोडा बलक पोटात घेऊन येते. त्यावर ते दोन दिवस काढू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी चोच उघडून काही कोंबू नका. पुढे बारीक कणी किंवा पिल्लांचे तयार खाद्य द्या. कणी दिली तर सोबत चिमूटभर बारीक वाळू ठेवा. कोंबडीला दात नाहीत. पोटातली वाळूच दाणे भरडते.

दवाखाना कधी गाठावा?

एकापाठोपाठ एक पिल्ले पांढरी, चिकट शीट टाकून मरू लागली, तर नुसते पुसून भागणार नाही. हा रोग आईकडून अंड्यातूनही येतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कोंबडीची अंडी पुन्हा उबवू नका.

तीन आठवड्यांपुढच्या पिल्लांच्या शिटेत रक्त दिसले, तर ती रक्ती हगवण असू शकते. तिचे जंतू ओल्या, घाण जागेत वाढतात. तूस ओले झाले की काढून कोरडे पसरा.

दोन्ही वेळा आजारी पिल्ले वेगळी ठेवा. ताजी शीट डबीत घालून गुरांच्या दवाखान्यात न्या. रक्ती हगवणीवर पाण्यातून द्यायचे औषध मिळते. घरातली माणसांची गोळी अंदाजाने देऊ नका. मेलेले पिल्लू उकिरड्यावर न टाकता खोल पुरा.

रोज सकाळी डालगे उचलताना प्रत्येक पिल्लाची शेपटी पाहा. त्याला घटकाभरही लागत नाही.

उत्तरे द्या

१. वाळलेली शीट ओढून का काढू नये?

२. पिल्लांना थंडी वाजते हे कसे ओळखाल?

३. शिटेत रक्त दिसले तर काय कराल?

वहीत लिहा

आपल्या घरी किती अंडी उबवली? किती पिल्ले निघाली? महिन्याने किती जगली?