क्रांतिक तापमान आणि वनस्पतींचे सार : रेणूच्या आकाराचा व ध्रुवीयतेचा विचार

अलीकडे औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत शुंठी, हरिद्रा आदी द्रव्यांचे ‘सीओटू एक्स्ट्रॅक्ट’ आढळते. क्वाथाच्या वा चूर्णाच्या जागी हे सार योजता येईल काय, असा प्रश्न वैद्यवर्गापुढे साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ‘क्रांतिक तापमान’ ही संकल्पना समजून घेणे इष्ट ठरेल.

क्रांतिक तापमान म्हणजे काय?

वायूवर पुरेसा दाब दिल्यास त्याचे रेणू निकट येतात व तो द्रवरूप होतो. परंतु प्रत्येक पदार्थास एक तापमानमर्यादा असते. तिच्यापेक्षा अधिक तापमानास कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही. हेच त्याचे क्रांतिक तापमान होय. बेलफास्ट येथील शास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडवरील प्रयोगांतून हे स्पष्ट केले. रेणूंचे परस्पर आकर्षण त्यांना एकत्र धरते, तर उष्णतेमुळे होणारी त्यांची हालचाल त्यांना विखुरते. आकर्षण जितके बलवान, तितके क्रांतिक तापमान अधिक.

ध्रुवीयतेचा परिणाम

पाण्याचा रेणुभार १८, तर कार्बन डाय-ऑक्साइडचा ४४. तरीही पाण्याचे क्रांतिक तापमान ३७४° से. व कार्बन डाय-ऑक्साइडचे केवळ ३१° से. आहे. पाण्याचा रेणू वाकलेला असल्याने त्याची एक बाजू किंचित ऋण व दुसरी किंचित धन असते. शिवाय हायड्रोजन बंधांनी हे रेणू परस्परांस जखडलेले असतात. कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो. त्याच्या दोन्ही टोकांचे विद्युत् असंतुलन परस्परविरुद्ध दिशांना असल्याने एकूण रेणू अध्रुवीय ठरतो. इथेनॉल व डायमिथिल ईथर यांचे रेणुसूत्र एकच. परंतु हायड्रोजन बंध जुळविणाऱ्या इथेनॉलचे क्रांतिक तापमान २४१° से., तर ईथरचे १२७° से. आहे.

आकाराचा परिणाम

केवळ आकाराचा प्रभाव पाहावयाचा तर पेंटेनचे तीन प्रकार घ्यावेत. तिन्ही अध्रुवीय असून सूत्रही एकच आहे. सरळ साखळीच्या पेंटेनचे क्रांतिक तापमान १९७° से., एक फाटा असलेल्याचे १८७° से. व गोलसर निओपेंटेनचे १६१° से. आहे. लांबट काड्या एकमेकींस लांबवर टेकतात, गोट्या मात्र एका बिंदूपाशीच. म्हणून गोलसर रेणूंमधील आकर्षण उणे पडते.

वैद्यकव्यवहारातील महत्त्व

३१° से. ही मर्यादा ओलांडून सुमारे ७४ बारपेक्षा अधिक दाब ठेवल्यास कार्बन डाय-ऑक्साइड वायूप्रमाणे वनस्पतीच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतो व द्रवाप्रमाणे घटक विरघळवितो. सौम्य तापमानामुळे उष्णतेने बिघडणारे सुगंधी घटक टिकतात. दाब कमी करताच तो वायुरूपाने निघून जातो.

परंतु ज्या अध्रुवीयतेमुळे हे तापमान इतके कमी आहे, तीच या पद्धतीची मर्यादाही आहे. शुंठीतील सुगंधी तैल व तिखट घटक या सारात उतरतात. हरीतकीतील कषाय घटक, यष्टिमधूतील ग्लिसऱ्हायझिन, शर्करा व क्षार हे ध्रुवीय असल्याने बहुतांशी चोथ्यातच राहतात. क्वाथात नेमके हेच पाण्यात उतरतात. काही ध्रुवीय घटक मिळविण्यासाठी निर्माते थोडे इथेनॉल मिसळतात, तेव्हा साराचे स्वरूपही बदलते.

तात्पर्य, सीओटू सार हा क्वाथाचा संक्षेप नव्हे. तो त्याच द्रव्याचा निराळा अंश होय. क्वाथाची वा चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा त्यास जशीच्या तशी लावणे युक्त नाही. पंचविध कषायकल्पनांत स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट यांचा भेद आचार्यांनी मानला आहे. तोच विवेक येथेही ठेवावा. सार योजण्यापूर्वी कोणत्या द्रावकाने, किती तापमानास व कोणत्या सहद्रावकासह ते काढले, ही माहिती वैद्यांनी निर्मात्याकडून अवश्य मागून घ्यावी.