तुलसी कुल : वास आणि रसायन

कटंगीच्या रानात सागाची कोवळी फांदी हातात धरून पाहिली, तर ती गोल लागत नाही. तिला चार कडा असतात. अंगणातल्या तुळशीची किंवा परसातल्या पुदिन्याची कोवळी काडी बोटांत फिरवली, की तेथेही चार कडा लागतात. हे साम्य योगायोगाचे नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत साग, निर्गुडी, शिवण आणि भारंगी या वनस्पती व्हर्बिनेसी कुलात घातलेल्या असत. १९९२ साली त्यांना पुदिना-तुळशीच्या कुलात घ्यावे असा विचार मांडला गेला आणि पुढे जनुकांच्या अभ्यासाने तो पक्का झाला. म्हणजे आपल्या रानातला साग हा पुदिन्याचा भाऊबंद ठरतो! या कुलाला आज लॅमिएसी म्हणतात. दोन ओठांसारख्या फुलावरून पडलेले लॅबिएटी हे त्याचे जुने नाव. मराठीत आपण त्याला तुलसी कुल म्हणतो.

पण सागाचे पान चुरगळून पुदिन्यासारखा वास येत नाही. निर्गुडीच्या पानाला मात्र उग्र वास आहे. तिचा पाला पाण्यात उकळून सांधेदुखीवर शेकतात आणि धान्यात कीड होऊ नये म्हणून तो कोठीत घालतात. तेव्हा कुल एक असले तरी वास एक असेलच असे नाही. कुल ठरते ते फूल, फळ आणि वंश यांवरून. वास ठरतो रेणूवरून. घरगुती औषधांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर नावावर विसंबून भलतीच वस्तू हाती येते.

वासाचे तेल पानात कोठे असते? पुदिन्याचे पान भिंगाखाली धरले, की त्यावर बारीक चकाकणारे ठिपके दिसतात. ते ग्रंथिरोम होत. त्यांच्या टोकाशी पातळ आवरणाखाली तेल साठलेले असते. पान चोळले की आवरण फुटते, आणि म्हणूनच न चोळलेला पुदिना विशेष घमघमत नाही. हे तेल मुख्यतः टर्पीन वर्गातील, दहा कार्बन असलेल्या संयुगांचे असते. मेंथॉलचा उत्कलनबिंदू सुमारे २१२ अंश सेल्सिअस आहे. पण पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांच्या आतच निघून येते. यालाच बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात, आणि अशा तेलाचे बहुतेक कारखाने यावरच चालतात. आपल्या घरी तुळशीचा काढा उघड्या भांड्यात खळखळून उकळतात, तेव्हा हीच क्रिया घडते. फरक इतकाच की तेल बाटलीत न जाता छपराकडे जाते. काढ्यावर झाकण ठेवण्याचा घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह रसायनशास्त्राला धरून आहे.

आता पुदिन्याकडे वळू. बामच्या डबीतला थंडावा चटणीच्या पुदिन्यातून येतो, असा समज सर्रास आढळतो. चटणीचा पुदिना बहुधा मेंथा स्पायकाटा असतो. त्याच्या तेलात प्रमुख घटक कार्व्होन; मेंथॉल त्यात जवळजवळ नसतेच. बामचे मेंथॉल येते ते मेंथा आर्व्हेन्सिस म्हणजे जपानी पुदिन्यापासून. त्याच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के मेंथॉल असते, आणि तेल गार केले की त्याचे स्फटिक आपोआप वेगळे होतात. भारतात या पुदिन्याची मोठी शेती उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकीच्या बाजूस होते.

मेंथॉल त्वचेला खरोखर गार करत नाही. थंडी ओळखणारे एक प्रथिन मज्जातंतूंच्या टोकाशी असते. त्याचे नाव टी.आर.पी.एम.८. मेंथॉल त्यालाच चाळवते आणि मेंदूला थंडीची खबर जाते. तापमापक लावला तर पारा जागचा हलणार नाही. या प्रथिनाचा शोध २००२ साली लागला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या संशोधनात हेही काम होते.

कार्व्होनची गंमत याहून मोठी आहे. पुदिन्यातला कार्व्होन आणि बाळंतशेपातला कार्व्होन यांचे रेणुसूत्र एकच. अणूंची जोडणीही तीच. फक्त एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे, डाव्या-उजव्या हातासारखी. तरी एकाला पुदिन्याचा वास, दुसऱ्याला शेपेचा! १९७१ साली शास्त्रज्ञांनी शुद्ध नमुने घेऊन हा फरक खरा असल्याचे दाखवून दिले. याचा अर्थ असा, की आपल्या नाकातील ग्राहकांनाही डावे-उजवे कळते. शेपू तुलसी कुलातली नाही. ती धने-जिऱ्यांच्या कुलातली.

उलट प्रकारही आहे. तुळशीत युजेनॉल असते, आणि लवंगेतही तेच. कुले मात्र दोन. आणि एकाच जातीच्या दोन रोपांत तेलाचे घटक निराळे असू शकतात. सब्जाच्या काही वाणांत लिनालूल अधिक, तर काहींत मेथिल चॅव्हिकॉल. ‘तुळस सर्दीवर चालते’ या वाक्यात कोणती तुळस, कोणत्या रोपाची, हे कोणी विचारत नाही. प्रयोगशाळेत मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

घरोघरी ठाऊक असलेली अमृतधारा या सगळ्याचा छान पडताळा देते. मेंथॉल, कापूर आणि ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, हे तिन्ही घन पदार्थ. त्यांचे वितळणबिंदू अनुक्रमे सुमारे ४२, १७५ आणि ५० अंश. समभाग घेऊन कोरड्या बाटलीत हलवले, की थोड्याच वेळात सारे पातळ होते. पाणी नाही, उष्णता नाही. मिश्रणाचा वितळणबिंदू घटकांपेक्षा खाली जातो, एवढेच. मेंथॉल तुलसी कुलातले. कापूर आपण कापराच्या झाडाचा समजतो, पण तो कापूर-तुळशीतूनही निघतो. थायमॉल ओव्यातून मिळते, तसे तुलसी कुलातल्या थाइममधूनही. रेणूंना कुलाचे सोयरसुतक नाही.

मात्र हीच बाटली घरातल्या तान्ह्या बाळापासून दूर ठेवावी. बाळाच्या नाकाशी मेंथॉल किंवा कापूर लावल्याने त्याचा श्वास अडू शकतो, आणि कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येतात. सर्दीने नाक चोंदलेल्या बाळाला बाम चोळण्याची जी रीत अजून गावोगावी आहे, ती या बाबतीत धोक्याची आहे. मोठ्या माणसाच्या कपाळावर जी गोष्ट निरुपद्रवी ठरते, ती बाळाच्या नाकपुडीत मात्र तशी राहत नाही.