पलटणीत गेला, परत आला नाही: पूर्वजांचा माग काढताना

दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडात राहणारी मराठी माणसे महायुद्धात गेलेल्या पणजोबांचे नाव शोधायला आधी इंडिया गेटवर जातात. तिथे ते बहुधा नसते. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी खुले झालेले हे स्मारक पहिल्या महायुद्धात पडलेल्या ७० हजारांहून अधिक हिंदी सैनिकांचे असले, तरी त्यावर कोरलेली १३ हजारांवर नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची आहेत. जवळचे राष्ट्रीय समर स्मारक स्वतंत्र भारताच्या सैनिकांचे आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी दिल्ली कॅन्टोन्मेंटमधील युद्ध दफनभूमी पाहावी लागते. युद्ध कोणते आणि आघाडी कोणती, हे ठरल्याशिवाय स्मारके फिरण्यात अर्थ नाही.

घरात ‘बसऱ्याला गेले होते’ एवढीच आठवण उरली असेल, तर ती मोलाची आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींची मोठी हानी मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा जिथे आहे त्या आजच्या इराकात झाली. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी तिथल्याच कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैदेत गेलेल्यांपैकी पुष्कळजण परतलेच नाहीत. बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा घातला गेला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या समितीने २०२१ साली मान्य केले, की किमान १ लाख १६ हजार मृतांचे, बहुधा आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही. हा उघड अन्याय होता आणि त्याचे ओझे आजही घराघरांवर आहे. मात्र दगडावर नाव नाही म्हणजे कागदावरही नाही, असे समजून शोध सोडू नये. आयोगाची मृतांची यादी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

यादीत शिरण्यापूर्वी घर धुंडाळावे. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक घासून चकचकीत करण्याच्या हौसेत हीच अक्षरे पुसट होतात. कडेला हात लावू नये, आधी फोटो काढावा. मृताच्या वारसाला मिळालेली नाव कोरलेली काशाची गोल चकती, पेन्शनचे कागद, जुनी पत्रे यांनाही तितकेच महत्त्व आहे. क्रमांक त्या त्या पलटणीपुरता असे, म्हणून तो पलटणीच्या नावासह टिपावा.

पलटणीच्या नावातही घोटाळा होतो. १९२२च्या फेररचनेत ११० मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, १०३ पहिली झाली. पहिल्या महायुद्धात उभी राहिलेली १११ महार पलटण १९२१मध्ये मोडली गेली, आणि महार रेजिमेंट १९४१मध्ये नव्याने उभी राहिली. म्हणून महार शिपायाचा शोध आजच्या रेजिमेंटपासून सुरू केला, तर पहिल्या युद्धातला माणूस निसटतो. जिल्ह्यांचेही तेच. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात होता, आणि कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थाने होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याचे. त्यांचे नाव इंग्रजीत ‘येशवंत’ असे लिहिले गेले. साध्या शिपायाच्या नावाचे तर कारकुनाच्या कानाला जे आले ते झाले असणार, हे धरूनच शोधावे.

सर्वांत मोठा धोका नाव सापडल्यावर सुरू होतो. गणपत शिंदे, रामा जाधव अशी नावे एकाच पलटणीत दोन-चार असू शकतात. वडिलांचे नाव, गाव, क्रमांक, मृत्यूची तारीख यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हेच आपले’ म्हणू नये. चुकीच्या तारखेला श्राद्ध सुरू झाले, की पुढची पिढी ती चूक श्रद्धेने चालवते.

उलट, नाव नसणे हा पुरावा नव्हे. आयोग ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातलेच मृत्यू धरतो. नोकरीतून सुटल्यावर गावी आजाराने गेलेला शिपाई त्यात असेलच असे नाही. कोकणातले खलाशी व्यापारी जहाजांवर मेले असतील, तर त्यांचा शोध मुंबईच्या खलाशी स्मारकांच्या याद्यांत घ्यावा लागतो. काहीजण तर मेलेच नव्हते. कुठे दुसरीकडे स्थिरावले.

दिल्लीत असण्याचा फायदा पुढच्या टप्प्यात होतो. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात लष्करी खात्याच्या जुन्या फायली आहेत आणि काही ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव येथील रेजिमेंटल सेंटरला क्रमांक, पलटण, गाव आणि अंदाजे वर्ष कळवून पत्र पाठवता येते. केवळ आडनाव लिहून पाठवलेल्या पत्रावरून त्यांनाही शोध घेता येत नाही. आयोगाच्या नोंदीत चूक दिसली किंवा नावच नसले, तर कागदपत्रांच्या प्रतींसह दुरुस्तीची मागणी करता येते, आणि पुरावा पटला तर नाव यादीत येते.