खरी कमाई आणि तिचा हिशेब

गणवेशातील, गळ्यात स्कार्फ बांधलेली दोनतीन मुले दाराशी येऊन उभी राहतात. "काकू, काही काम आहे का?" असा प्रश्न येतो. गृहिणी क्षणभर घुटमळते. मग अंगणातला पालापाचोळा दाखवते, नाहीतर सायकल पुसून घेते. अर्ध्या तासाने मुलांच्या हातावर काही रुपये पडतात आणि त्यांच्याजवळच्या कार्डावर कामाचा तपशील, रक्कम आणि सही अशा तीन नोंदी होतात. स्काऊट-गाईड चळवळीत या उपक्रमाला 'खरी कमाई' असे नाव आहे. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून हे कार्ड गेलेले आहे. मात्र कार्डावरची रक्कम पुढे कोठे जाते आणि तिच्यातून काय उभे राहते, हे ती देणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. मिळविणाऱ्यांनाही बहुधा नसते. तालुक्याच्या किंवा शहराच्या पातळीवर काम करणाऱ्या स्काऊट-गाईड संस्थेचे कार्यक्रम आणि त्यांच्यामागील पैसा यांचा संबंध येथे पाहावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाने अशा एका स्थानिक संस्थेचे कोषाध्यक्षपद काही वर्षे सांभाळले असल्याने विवेचनात क्वचित स्वानुभव डोकावेल. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

चळवळ आणि तिची स्थानिक शाखा

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले आणि १९०८ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०९ मध्ये बंगलोर येथे भारतातील पहिले पथक निघाले, परंतु त्यात हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. तो अडसर दूर करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. १९१३ मध्ये मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी हे कार्य सुरू केले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासकडे, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ मध्ये अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या प्रवाहांचे एकीकरण होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटना तिला येऊन मिळाली. गाईड चळवळीच्या जगातील मोजक्या जागतिक केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशी संघटनेची उतरंड आहे. परंतु मुलाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो त्याच्या पथकाशी. सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि अशा चार संघांचे सुमारे बत्तीस जणांचे एक पथक, ही चळवळीची मूळ घडण होय. लहानांसाठी कब आणि बुलबुल, दहा वर्षांपुढील मुलामुलींसाठी स्काऊट आणि गाईड, तरुणांसाठी रोव्हर आणि रेंजर असे विभाग आहेत. स्काऊटचा प्रवास प्रवेशापासून सुरू होऊन प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि अखेरीस राष्ट्रपती पुरस्कार असा जातो. रीफ नॉट, क्लोव्ह हिच यांसारख्या गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, चुलीवरचा स्वयंपाक, तंबू उभारणे, पदभ्रमण, सेवाकार्य अशा त्याच्या पायऱ्या आहेत. यांतील एकही गोष्ट फळ्यावर शिकविता येत नाही. दोर हवा, तंबू हवा, पट्ट्या हव्यात, गावाबाहेर जावयास गाडी हवी. म्हणजेच पैसा हवा.

पैसा येतो कोठून?

स्थानिक संस्थेच्या जमेच्या बाजूला साधारणतः पुढील रकमा आढळतात : सभासदांच्या नोंदणी शुल्कातील हिस्सा, शिबिरांचे शुल्क, ७ नोव्हेंबरच्या स्थापनादिनी विकलेल्या ध्वजचिन्हांची रक्कम, देणग्या, कोठे नगरपालिकेचे वा शासनाचे अनुदान, स्वतःचे सभागृह असल्यास त्याचे भाडे आणि खरी कमाई. नोंदणी शुल्काचा आणि खऱ्या कमाईचा ठरावीक वाटा वरच्या पातळीवरील कार्यालयांकडे जातो. पथकप्रमुख बहुतांशी शिक्षक असतात आणि या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळत नाही. त्यांचा हा वेळ कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. दिसला असता तर तोच सर्वांत मोठा आकडा ठरला असता.

या सर्व रकमांत खऱ्या कमाईचे स्थान आगळे आहे. मुलांनी पैसे मागू नयेत, मिळवावेत, हा बेडन-पॉवेल यांचा आग्रह होता आणि काटकसर हा स्काऊटच्या नियमांपैकी एक नियम आहे. इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये सुरू झालेला, एका शिलिंगात एक काम करून देण्याचा सप्ताह याच विचारातून निघाला होता. आपल्याकडील खरी कमाई त्याच कुळातली. देणगी घेणारा हात आणि मजुरी घेणारा हात एकसारखाच दिसतो, पण मुलाला त्यांतील भेद चांगला कळतो.

एका शिबिराचा जमाखर्च

हा भेद आकड्यांत कसा उतरतो हे पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. स्थानपरत्वे ते बदलतील, पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

समजा, बत्तीस स्काऊटांचे पथक आणि दोन पथकप्रमुख तीन दिवसांच्या शिबिरास जात आहेत. माणशी दररोज ९० रुपये धरल्यास चौतीस जणांच्या शिध्याचे ९,१८० रुपये होतात. प्रवासाला ६,००० रुपये, तंबूंच्या दुरुस्तीला आणि दोरांना १,५००, जळणास ९००, प्रथमोपचार पेटीस ६०० आणि किरकोळ खर्चास ८२० रुपये. एकूण खर्च १९,००० रुपये. जमेच्या बाजूला शाळेने दिलेले ३,००० रुपये आणि पथकाच्या वाट्याला आलेल्या खऱ्या कमाईचे ६,४०० रुपये आहेत. उरलेले ९,६०० रुपये बत्तीस मुलांत वाटले की प्रत्येकाचे शुल्क ३०० रुपये येते.

आता खरी कमाई या पत्रकातून वगळून पाहा. शुल्क ५०० रुपयांवर जाते. दोनशे रुपयांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु अनुभव असा, की शुल्क वाढले की पथकातील चारपाच मुले गळतात. ती पैशाचे नाव काढीत नाहीत. "घरी काम आहे", "मामाकडे जायचे आहे" असे काहीतरी सांगतात आणि पथकप्रमुखही ते ऐकून घेतो. खरी कमाई खरोखर होते ती या चारपाच मुलांसाठी. त्यांनी इतरांइतकेच अंगण झाडलेले असते, त्यामुळे शिबिरातील आपली जागा त्यांना कोणाच्या उपकाराने मिळालेली नसते.

एकच हस्ताक्षर

याच ठिकाणी या उपक्रमाला कीड लागते. एका वर्षी आमच्या संस्थेकडे एका शाळेतून आलेली कार्डे मी पावत्यांशी ताडून पाहत होतो. रकमा बरोबर होत्या, बेरीज बिनचूक होती. पण कार्डामागून कार्ड उलटताना लक्षात आले की, सर्वांवरील कामाचा तपशील एकाच हस्ताक्षरात आहे. 'अंगण झाडले, २० रुपये. झाडांना पाणी घातले, २० रुपये.' प्रत्येक कार्डावर तेच काम, त्याच क्रमाने. चौकशीअंती कळले की, वर्गात प्रत्येकाला ठरावीक रक्कम घरून आणावयास सांगितले होते आणि कार्डे शिक्षकांनी एका दुपारी बसून भरली होती. त्या शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. वरून उद्दिष्ट आले होते, परीक्षा तोंडावर होती आणि मुलांना अनोळखी घरी धाडण्याची जबाबदारी कोणालाही नको होती. मलाही ते कळत होते. मी ती रक्कम जमेस धरली आणि कार्डांचा गठ्ठा कपाटात ठेवला. तो निर्णय योग्य नव्हता, असे आज वाटते.

कारण वरील उदाहरणातील २०० रुपये पालकांच्या खिशातून आले, तर शिबिराचे शुल्क ३०० रुपये राहतच नाही. ते ५०० रुपयेच होते, फक्त दोन हप्त्यांत आणि दोन नावांनी. ज्या मुलासाठी हा खटाटोप, तोच पहिल्या हप्त्याला अडकतो. पत्रक मात्र पूर्वीइतकेच नीटनेटके दिसते. लेखापरीक्षक प्रमाणके तपासतो. काम झाले की नाही हे तपासण्याची त्याच्याकडे सोय नसते.

अलीकडे पुष्कळ शाळांनी दारोदार जाण्याऐवजी 'आनंद मेळावा' भरविण्याची पद्धत स्वीकारली आहे. मुले भेळ, सरबत, भाजीपाला यांच्या टपऱ्या मांडतात आणि विक्रीतून नफा काढतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मार्ग बरा आहे आणि नफा-तोट्याचा धडाही त्यातून मिळतो. परंतु भेळेचे सर्व सामान आईने घरून दिले आणि विक्रीची सगळीच रक्कम नफा म्हणून लिहिली, तर हिशेब पुन्हा खोटाच. कुरमुरे, शेव, कांदे, कागदी द्रोण यांची किंमत आधी वजा करावयास मुलांना लावले पाहिजे. एखाद्या संघाला तोटा झाला तर तोही लिहू द्यावा.

स्थानिक संस्थेचा ताळेबंद कसा वाचावा

पथकांच्या हिशेबांहून स्थानिक संस्थेचा हिशेब थोडा निराळा असतो. ज्या संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्यांचे हिशेब दरसाल ३१ मार्च रोजी मिटवावे लागतात आणि लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. ताळेबंद अनुसूची आठप्रमाणे, तर उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊप्रमाणे मांडावयाचे असते. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. शहरांतील जागांचे मोल पाहता ही तरतूद मुलांच्या मैदानांचे व सभागृहांचे संरक्षणच करते.

हे पत्रक हाती आल्यावर सामान्य सभासदाची नजर प्रथम शिल्लक रकमेवर जाते. शिल्लक मोठी दिसली की तो समाधान पावतो. परंतु मार्चअखेरची शिल्लक अनेकदा फसवी असते. मे महिन्यातील शिबिराचे शुल्क मार्चमध्ये जमा झाले असेल, तर तो पैसा संस्थेचा नसून मुलांचे देणे आहे. वर्षअखेरीस आलेले अनुदान ठरलेल्या कामावर खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. तोवर तेही मोकळे नाही. वरच्या कार्यालयांकडे पाठवावयाचा वाटा राहिला असेल, तर तोही वजा केला पाहिजे. एवढे केल्यावर जे उरते ती खरी शिल्लक, आणि ती पुष्कळदा कोषाध्यक्षालाही चकित करते.

दुसरी जागा घसाऱ्याची. कापडी तंबू पावसाळ्यात ओलाच घडी घालून ठेवला, तर बुरशी धरून लौकर फाटतो. ज्या संस्था तंबूंसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढीत नाहीत, त्यांना एक दिवस सारे तंबू एकदम घ्यावे लागतात आणि मग ऐनवेळी वर्गणीची धावाधाव होते. गोदामातील तंबू आणि नोंदवहीतील तंबू वर्षातून एकदा समोरासमोर आणावेत. आमच्याकडे प्रथम तसे केले तेव्हा नोंदवहीत चौदा आणि गोदामात अकरा तंबू निघाले. उरलेले तीन कोणी नेले याचा पत्ता लागला नाही; आमच्याकडे तंबू देण्याघेण्याची नोंदच ठेवली जात नव्हती.

तिसरी बाब पत्रकात क्वचितच वेगळी दिसते, पण तिचे मोल सर्वांत अधिक आहे : मुलांची सुरक्षितता. अमेरिकेतील 'बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका' या संस्थेने पूर्वीच्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दाव्यांची संख्या ८२,००० हून अधिक झाली. २०२३ मध्ये अमलात आलेल्या तडजोडीत सुमारे २.४६ अब्ज डॉलरांचा निधी ठरला आणि तीत स्थानिक कौन्सिलांनाही मोठा वाटा उचलावा लागला. काहींनी त्यासाठी शिबिरांच्या जमिनी विकल्या. २०२५ पासून ती संस्था 'स्काऊटिंग अमेरिका' या नावाने काम करते. मुलांवर झालेल्या आघातापुढे पैशाची हानी गौण होय. परंतु दक्षतेवरचा खर्च वाचविणे किती महाग पडते, हे तेथील स्थानिक संस्थांच्या ताळेबंदात स्पष्ट उमटले. आपल्याकडे २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. तथापि वरच्या उदाहरणात चौतीस जणांचा शिधा धरला होता, त्यांतील दुसरा प्रौढ वगळून भाडे व शिधा वाचवावा, अशी सूचना बैठकीत आली, तर कोषाध्यक्षानेच ती प्रथम नाकारावी. मुलींच्या शिबिरात महिला पथकप्रमुखांच्या बाबतीत तर असा विचारही मनात येऊ नये.

हिशेब मुलांपुढे

चळवळीच्या मूळ पद्धतीत यावर एक साधन आहे. पथकप्रमुख आणि संघनायक यांची मिळून 'मानसभा' असते आणि पथकाच्या कारभाराचे प्रश्न तिच्यापुढे येतात. निधीचा विनियोग हा त्यांतलाच एक प्रश्न. अनेक पथकांत ही सभा केवळ वहीत उरली आहे. आमच्या संस्थेने एकसारख्या हस्ताक्षराच्या प्रकरणानंतर पुढील वर्षी एवढेच केले : खऱ्या कमाईची रक्कम येताच ती मानसभेपुढे मांडावयाची, वरचा वाटा किती गेला व उरला किती हे सांगावयाचे आणि शिबिराचे पत्रक संघनायकांकडूनच तयार करून घ्यावयाचे. पहिल्या वर्षी जमा रक्कम जवळजवळ निम्म्यावर आली, कारण कामाविना भरलेली कार्डे स्वीकारली नव्हती. शिबिर तीनऐवजी दोन दिवसांचे करावे लागले. मानसभेत एका संघनायकाने विचारले, "सर, मागच्या वर्षी पैसे जास्त कसे होते?" त्याला खरे ते सांगितले.

त्या वर्षीच्या शिबिराचे पत्रक शाळेच्या सूचनाफलकावर महिनाभर लावलेले होते. त्यात जळणाच्या रकमेपुढे मुलांनी पेन्सिलीने एक टीप लिहिली होती : 'दुसऱ्या दिवशी लाकडे ओली, भात कच्चा, पुढील वेळी रॉकेलचा नव्हे तर गॅसचा विचार व्हावा.' पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात गॅसची रक्कम त्यांनीच धरली आणि तिच्यासाठी सरबताच्या दोन टपऱ्या अधिक मांडल्या.