अपघातानंतर तोंड वाकडे झाले तर

आमच्या माकुणसार-सफाळे भागात दुचाकीवरून पडलेले रुग्ण माझ्याकडे येतात. ते खरचटलेले दाखवतात. पण एक डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळते, हे सांगायचे राहून जाते.

चेहरा हलविणारी नस कानामागच्या हाडातील अरुंद नळीतून येते. डोक्याला मार लागताच तोंड वाकडे झाले, तर ही नस तुटलेली असू शकते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. दोन-तीन दिवसांनी वाकडे झाले, तर कारण बहुधा सूज असते व नस बहुतेकदा सुधारते. तरीही तपासणी हवीच. ‘वारे गेले’ म्हणून तेल चोळत बसू नये. तोंड नेमके केव्हा वाकडे झाले, हे घरच्यांनी लिहून ठेवावे.

तोवर डोळा जपा. तो उघडा राहिल्यास बुबुळ कोरडे पडते, जखम होते, दृष्टीही जाऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसा घालावेत. रात्री मलम लावून, पापणी पूर्ण मिटवून चिकटपट्टी लावावी.

तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. त्यामुळे सुधारणा दिसायला कित्येक महिने लागतात. आरशासमोरचे व्यायाम शिकून घ्यावेत, हळूहळू करावेत. जोर लावू नये.