प्रोलॅक्टिन वाढले? आधी कोणते ते पाहा

पैठणहून संभाजीनगरला माझ्याकडे आलेल्या एका भगिनीच्या रिपोर्टात प्रोलॅक्टिन ९० नॅनोग्रॅम होते. नेहमीची मर्यादा साधारण २५. पाळी नियमित, अंगावर दूध नाही. तरी मेंदूत गाठ असेल या धास्तीने घरचे हवालदिल!

मी त्याच रक्ताची ‘पेग’ चाचणी सांगितली. प्रोलॅक्टिनचे लहान कण शरीरात काम करतात. प्रतिपिंडाला चिकटलेले मोठे कण जवळजवळ निष्क्रिय, पण यंत्र तेही मोजते. पेग रसायनाने मोठे कण तळाशी बसतात. वर ४० टक्क्यांहून कमी उरले, तर वाढ मुख्यतः मोठ्या कणांची समजावी. या भगिनीचे उरले १८! गोळ्या व स्कॅन टळले.

मात्र पाळी चुकत असेल, दूध येत असेल वा दृष्टी मंदावली असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.