वसईचा कोट आणि आमची लहान मुले

युरोपातील एखादे जुने शहर, त्याचा तट, चौक, मनोरे व उपासनामंदिरे आपल्या मुलांस लहानपणीच दाखवावी, अशी हौस हल्ली पुष्कळ पालकांस वाटू लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु मोताळ्याच्या आसमंतात कापूस-सोयाबीनवर ज्यांचा संसार चालतो, त्यांनी विलायतेच्या प्रवासाचा विचार तरी कसा करावा? तथापि युरोपीय लोकांनी युरोपीय धर्तीवर वसविलेले एक अख्खे शहर आपल्याच महाराष्ट्रात, मलकापूर स्टेशनावरून रात्री गाडीत बसले असता दुसऱ्या दिवशी गाठता येईल इतक्या अंतरावर आहे, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असते. ते शहर म्हणजे वसईचा कोट होय. तेथे लहान मुलांस घेऊन गेल्यास त्यांस काय दाखवावे, काय सांगावे, आणि त्यांच्या प्रश्नांस कोणती उत्तरे द्यावी, याविषयी आम्हां शिक्षकांस अनुभवाने जे वाटते ते येथे लिहीत आहो.

प्रथम पूर्वतयारी. पाच-सात वर्षांच्या मुलास एकदम मोडक्या भिंतींपुढे नेऊन उभे केले, तर त्यास त्या मोडक्या भिंतीच दिसणार. जुना दगड पाहावयाची दृष्टी आधी घरच्या घरी यावी लागते, आणि त्यासाठी आपणांस फार दूर जावयाचे नाही. आपल्याच तालुक्यात रोहिणखेड आहे. आज ते लहानसे गाव असले, तरी १४३७ व १५९० या साली तेथे दोन मोठ्या लढाया झाल्या, आणि १५८२ साली बांधलेली तेथील मशीद अद्याप पाहावयास मिळते. मुलांस तेथे न्यावे. दगडावरील कोरीव अक्षरांवरून बोट फिरवू द्यावे. ‘हा दगड येथे कोणी आणला असेल?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. रोहिणखेड पाहिलेले मूल वसईस गेले, म्हणजे आपण होऊन भिंतींवर अक्षरे शोधू लागते, हे आम्ही पाहिले आहे.

आता वसई. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायुनाच्या भयाने अडचणीत आला असता त्याने १५३४ साली वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस तहाने दिला. मुंबईची बेटेही त्यातच गेली. तीच पुढे १६६१ च्या विवाहाच्या करारान्वये इंग्रजांकडे आली. खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी दगडी तट घातला व आत शहर वसविले. त्यात रस्ते होते, चौक होता, इस्पितळ होते, सरदारांचे वाडे होते, आणि जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांची मंदिरे व मठ होते. उत्तरेकडील सर्व पोर्तुगीज ठाण्यांचे हे मुख्य शहर. दोनशे पाच वर्षे ते त्यांच्या ताब्यात राहिले. येथे एक गोष्ट मोठ्या मुलांस सांगण्यासारखी आहे. हे लोक ज्या लिस्बन शहरातून आले, त्याचा फार मोठा भाग १७५५ सालच्या भूकंपाने, समुद्राच्या लाटांनी व आगीने नष्ट झाला. तेव्हा त्या काळच्या पोर्तुगीज शहराची कल्पना करावयास वसईचे हे भग्नावशेष अगदीच टाकाऊ साधन नव्हेत.

लहानग्यांस मात्र या सनावळ्यांचा भार देऊ नये. सहलींत आम्ही पुष्कळदा पाहतो की, मार्गदर्शक गृहस्थ एका दमात पंधरा साले म्हणतात, मुले वह्यांत उतरून घेतात, आणि डोळे वर करून मनोऱ्याकडे कोणी पाहत नाही! एका दिवसात सात स्थळे उरकण्याचा जो प्रघात पडला आहे, तोही आम्हांस मान्य नाही. वसईच्या कोटास एक संपूर्ण सकाळ द्यावी, आणि तीतही तीनच जागा नीट पाहाव्या.

पहिली जागा फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनीचे मंदिर. त्याच्या फरसबंदीत थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत, त्यांवर पोर्तुगीज भाषेत नावे, वर्षे व घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. पोर्तुगीज येत नसले म्हणून काय झाले? आकडे तर वाचता येतात! मुलांनी एकेका शिळेवर बसून आकडे शोधावे, आजच्या सालातून ते वजा करावे, आणि अशी किती वर्षे झाली ते सांगावे. वजाबाकीचा असा धडा आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही. शिळेवर उभे राहू नये, ती कोणाची तरी विश्रांतीची जागा आहे, हे मात्र आधी सांगावे. मुले ते फार लवकर समजतात.

दुसरी जागा सेंट जोसेफचे मोठे मंदिर व त्याचा मनोरा. मनोऱ्यात वर जाणारा अरुंद अंधारा जिना आहे, आणि मुलांचे लक्ष प्रथम त्याकडेच जाते. लहान मुलांस त्यावर चढू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खाली उभे राहून, वरची घंटा कोठे टांगलेली असेल, ती वाजविणारा मनुष्य वरून काय पाहत असेल, हे त्यांसच सांगावयास लावावे. घंटेविषयी पुढे आणखी लिहावयाचे आहे.

तिसरी जागा समुद्राकडचा दरवाजा. लोखंडी पत्र्याने मढविलेली त्याची जड सागवानी दारे पाहून प्रत्येक मूल ती ढकलून पाहतेच. दरवाज्याबाहेर पडले की किल्लाबंदर. तेथे कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि ज्याने नळगंगेच्या धरणापलीकडे मोठे पाणी पाहिलेले नाही, त्या मोताळ्याच्या मुलापुढे एकदम पसरलेली खाडी! येथे आमच्या बरोबरची मुले इतिहास पार विसरली. आम्ही त्यांस विसरू दिले.

किल्ल्यात ताडांची दाट झाडी आहे, सावली मिळते, परंतु आत खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये. पाणी, भाकरी व डोक्यास टोपी बरोबर घ्यावी. पावसाळ्यात गवत माजते व दगड निसरडे होतात. मार्गशीर्ष-पौष हे महिने उत्तम. वसई रोड स्टेशनावरून कोटाकडे बस जाते. परतताना वसईची सुकेळी मुलांस अवश्य द्यावी. ही राजेळी जातीची केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली असतात. भुसावळ-रावेरकडील केळी खात वाढलेल्या आपल्या मुलांस केळे असेही होते, याचे मोठे नवल वाटते.

असो. आता मुख्य अडचण. कोटात फिरताना कोणते ना कोणते मूल विचारतेच: “हे सगळे कोणी पाडले? आपण?” आणि आमच्या शाळेत तर ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, बौद्ध अशा सर्व घरची मुले एका बाकावर बसतात. त्यांतील एका मुलीने आम्हांस हळूच विचारले, “मग मी कोणाकडची?” तिच्या घरी दर रविवारी उपासनेस जातात, आणि नुकतीच तिने वर्गमित्रांबरोबर चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापुढे जयघोष केला होता. या प्रश्नास टाळाटाळीचे उत्तर देणे हा मुलांचा विश्वासघात होय, असे आम्हांस वाटते.

म्हणून जे घडले ते तसेच सांगावे. पोर्तुगीजांनी सुंदर शहर बांधले हे खरे. त्यांच्या राज्यात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सणसमारंभांवर बंदी आली, गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन बसले व त्याचा धाक इकडेही पोहोचला, हेही तितकेच खरे. या जाचास कंटाळून अंजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ साली मोहीम सुरू झाली, ठाणे हाती आले; वसई मात्र हटून बसली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी कोटास वेढा घातला. तटाखाली सुरुंग खणून सेंट सेबास्टियनचा बुरूज उडविण्यात आला, आणि १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी कोट स्वाधीन केला. त्या तटाखाली मराठ्यांची हजारो माणसे पडली. कोट हाती आल्यावर मात्र तहाप्रमाणे आतील शिबंदीस व सरदारांस आपापली कुटुंबे व चीजवस्तू घेऊन, मानाने बाहेर जाऊ दिले. एवढे नुकसान सोसलेल्या सैन्याने शब्द पाळला, ही गोष्ट बुरूज उडविल्याच्या गोष्टीइतकीच मुलांस रंगवून सांगावी. बहुधा ती कोणी सांगतच नाही.

शहर पडीक कसे झाले, याचे उत्तर साधे आहे. ज्यांच्यासाठी ते बांधले होते, ते निघून गेले. मराठ्यांनी कोटात नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे देऊळ उभारले. १७८० साली इंग्रजांनी कोट घेतला व पुढे परत दिला. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. ज्या वसईसाठी एका पेशव्याच्या भावाने प्राण पणास लावले, तेथेच त्याच घराण्यातील दुसऱ्या पेशव्याने ही सही केली! आणि उरलेले काम वडाच्या मुळांनी व पावसाने केले.

परंतु त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर कोटाच्या आत नव्हे, कोटाबाहेर मिळाले. वसईच्या वाड्यांतून हिंडताना फळ्यांवर लोपीस, डाबरे, गोन्साल्विस अशी आडनावे दिसतात, आणि दारात उभी असलेली आजीबाई आपल्याशी मराठीत बोलते. आपसांत तिची बोली कादोडी, म्हणजे सामवेदी. तीही मराठीचीच बहीण, आणि तेथील सामवेदी ब्राह्मणही तीच बोलतात. राज्यकर्ते निघून गेले, पण ही माणसे गेली नाहीत, कारण ती येथलीच होती. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीतून ‘सुबोध बायबल’ लिहिले, व २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. याहून मागे जावयाचे, तर १५५७ च्या सुमारास याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया घ्यावा. बाप पोर्तुगीज, आई येथली. लहान वयात तो धर्मगुरूंबरोबर जपानास गेला, पुढे व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरला, आणि १५९७ साली नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ साली रोम येथे त्यास संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. कोटातील एक मंदिर आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

मुलगी एवढेच म्हणाली, “म्हणजे या आजी पण मराठी, आणि मी पण.” आम्ही त्यात भर घातली नाही.

दुसरा एक खेळ पालकांनी गाडीत बसल्या-बसल्या खेळावा. डब्यात काय आहे? बटाट्याची भाजी व पाव. पेटीस काय लावले आहे? चावी. बाबांस महिन्याच्या महिन्यास काय मिळतो? पगार. बांधकामावर वाळू कशातून नेतात? घमेल्यातून. हे सारे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. बटाट्याचे तर पीकच त्यांनी समुद्रापलीकडून आपल्याकडे आणले. ज्यांचे शहर ओसाड पडलेले पाहून आलो, त्यांचे शब्द मोताळ्याच्या बाजारात रोज ऐकू येतात, हे कळल्यावर मुले गाडीत आणखी शब्द शोधू लागतात, आणि मोठ्यांची पंचाईत होते.

परतीच्या वाटेवर शक्य असल्यास नाशिकास उतरावे. पंचवटीत गोदेच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. ते १७४७ साली बांधले. त्याच्या दर्शनी भागी एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर तेथील मंदिरांच्या घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवळांस अर्पण केल्या, त्यांतीलच ही एक मानली जाते. गोदेस मोठा पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोहोचले किंवा नाही, यावरून नाशिककर पुराचे मान ठरवितात. आमच्या मुलांनी खालून माना उंच करून घंटेवरील आकडे शोधण्याची खूप खटपट केली, आणि सालाची वजाबाकी कोणी सांगण्यापूर्वीच करून टाकली.